काळ ओलांडणाऱ्या नायिका

चिनी कालप्रवासी प्रेमकथांत अपघात हाच प्रवेशपास. तोंग ह्वा यांच्या ‘बूबू चिंगशिन’ची नायिका आजच्या काळातून थेट कांगशी बादशहाच्या दरबारी पोचते आणि राजपुत्रांची रांग लागते. २०११ मध्ये त्यावर मालिका आली. त्याच वर्षी इतिहासाची थट्टा होते म्हणून सरकारी नियामकांनी अशा मालिकांवर डोळे वटारले. २०१६ मध्ये कोरियाने हीच कथा गोर्यो काळात नेली.

मराठीत जयंत नारळीकरांच्या कथेतले गंगाधरपंत ट्रकच्या धडकेने मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या जगात जातात. प्रेमबिम दूरच, आधी ग्रंथालय, मग सभेतली अध्यक्षांची रिकामी खुर्ची!

नागपूरची एखादी नायिका १८१७ च्या महालात उतरली, तर सीताबर्डीला आप्पासाहेब भोसले हरणार हे तिला ठाऊक असेल. दरबारी मंडळी मात्र आधी तिचे माहेर विचारतील, लढाईचे नंतर.