शोकाची नंबरप्लेट

अमेरिकेच्या हिशेबीपणाला दाद द्यावी तेवढी थोडी. तिथल्या काही राज्यांत दिवंगत सैनिकाच्या पत्नीला गाडीची खास नंबरप्लेट मिळते, शुल्कातही माफी. अट एकच: पुनर्विवाह करायचा नाही. केला, की सवलत बंद. योग्यच आहे, दुसरा नवरा घरात आल्यावर पहिला शहीद राहतो कसा?

वॉशिंग्टनचं केंद्र सरकार मात्र दिलदार. पंचावन्नाव्या वाढदिवसानंतर लग्न केलं, तर विधवेची मासिक भरपाई चालू राहते. (2021मध्ये ही मर्यादा 57वरून खाली आणली, प्रेमाला दोन वर्षांची सूट.)

आमची एक नम्र सूचना. चर्चमध्ये पाद्र्याशेजारी एक सरकारी कारकून उभा करावा. ‘कुणाची हरकत?’ असं विचारताच त्यानं वधूचा जन्मदाखला पाहावा. 54 वर्षं अकरा महिने निघाले, तर हात वर करावा. दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर.