साहसी, गूढ आणि निश्चयी

लेकीनं पहिल्या पगारातून माझ्या चौपन्नाव्या वाढदिवसाला सेंटची बाटली आणली. काळी, चौकोनी, हातात घेतली तर पेपरवेट म्हणून आयुष्यभर पुरावी अशी. टोपण खऱ्या लाकडाचं. "बाबा, वुडी आहे," ती म्हणाली. मला वाटलं, टोपणाबद्दल बोलतेय.

खोक्यावर इंग्रजीत छापलं होतं की, हा सुगंध साहसी, गूढ आणि निश्चयी पुरुषासाठी आहे. मी अकाउंट्समध्ये आहे. माझं शेवटचं साहस म्हणजे गेल्या जूनमध्ये छत्री न घेता भाजीला गेलो होतो. गूढ म्हणाल तर घरात माझा एटीएमचा पिनसुद्धा सगळ्यांना पाठ आहे, मलाच अधूनमधून आठवत नाही. निश्चयाबद्दल बायकोला विचारा. किंवा नकाच विचारू.

आमच्या घरात सेंट हा प्रकार नव्हताच. वडील लग्नाकार्यात मांडवाच्या दारात मनगटावर कुणी अत्तर लावलं तर तेवढं मिरवायचे, आणि घरी येऊन तो फाया कानातून काढून धोतरांच्या घडीत ठेवायचे. धोतरं पुढच्या लग्नापर्यंत दरवळायची. अंगाला वास असायचा तो साबणाचा, आणि तो सकाळी साडेनऊपर्यंतच.

तर सोमवारी मी दोन फवारे मारले. आधी भसकन लिंबाचा वास आला. "हे तर सरबत झालं," मी म्हटलं. लेक म्हणाली, "थांबा हो बाबा, लाकूड नंतर येतं." खरंच आलं. दहा मिनिटांनी मात्र मला काहीच येईना. संपलं वाटून आणखी चार फवारे मारले. आपलं नाक सततच्या वासाला सोकावतं आणि त्याची दखल घेणं सोडून देतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नाक माझं सोकावलं होतं, लिफ्टमधल्या लोकांची तशी काही सोय नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ पहिल्याच मजल्यावर उतरून जिन्यानं गेले.

निघताना आई हॉलमधून म्हणाली, "आज पूजा तू केलीस का रे?"

बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कपाट कुणी उघडं टाकलंय? डांबरगोळ्यांचा वास येतोय."

ऑफिसात आमचा शिपाई दोनदा माझ्या टेबलाशी घुटमळला आणि शेवटी म्हणाला, "साहेब, माठात वाळा टाकलाय का कुणी?"

पूजा, कपाट आणि माठ. साहसी पुरुष कुणालाच दिसला नाही. मी दुखावलो. जमाखर्च जुळेना की मुळाशी जायचं, ही आमची खात्यातली सवय. त्या रात्री चष्मा लावून खोक्याची मागची बाजू वाचायला बसलो.

पहिलं नाव निघालं वेटिवर. म्हणजे आपला वाळा! शिपाई बरोबर होता. वाळा हे झाडच नव्हे, ते गवत आहे. त्याची मुळं उपसतात, धुतात आणि वाफेवर तेल काढतात. आपण तीच मुळं माठात टाकतो, त्यांचे पडदे करून उन्हाळ्यात त्यांवर पाणी मारतो. पॅरिसवाल्यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस त्याची पुरुषांसाठी अत्तरं काढली. कार्व्हेननं काढलं, जिव्हाँशीनं काढलं. गेर्लांच्या वाळ्याची कल्पना तर म्हणे माळ्याच्या अंगच्या वासावरून सुचली, मातीच्या आणि तंबाखूच्या. म्हणजे अरण्यातला म्हणून ज्याचा रुबाब, तो पुरुष निघाला माळीबुवा, आणि लाकूड निघालं गवत.

दुसरं चंदन. याला मात्र इतिहास आहे. म्हैसुरात टिपू सुलतानानं 1792 मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवलं, झाड तुमच्या परसात उगवलं तरी मालक सरकार. आणि आपल्याकडे कुणाच्याही शोकसभेत वक्ता हमखास म्हणतोच, "ते चंदनासारखे झिजले." पण चंदन हा अर्धा परजीवी आहे हो! त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांत घुसतात आणि पाणी-क्षार बिनबोभाट ओढून घेतात. शेजाऱ्याचं वायफाय वापरून नाव मात्र त्यागाचं. माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मेहुण्यानं भाषणात मला चंदन म्हटलं होतं. त्याला वनस्पतिशास्त्र येत असावं, अशी शंका आता येते.

तिसरं सीडर. अत्तरातलं व्हर्जिनियाचं सीडर हे खरं सीडर नाहीच, जुनिपरच्या कुळातलं आहे, आणि त्याच्या पूर्वी पेन्सिली करत. मी मनगट हुंगलं. लाकूड-बिकूड काही नाही, थेट चौथी ब! शार्पनरमधून निघालेलं ते लाल कडेचं फूल. पेन्सिलीचा कीस दुधात उकळला की त्याचा खोडरबर होतो, असं आम्हाला एका मुलानं सांगितलं होतं. मी आईचं अर्धा लिटर दूध त्यापायी घालवलं. खोडरबर झाला नाही, माझं मात्र बरंच काही खोडलं गेलं. साहस म्हणायचं तर ते तेवढंच.

शेवटी एक आगगाडीएवढं नाव होतं: टेट्रामिथाइल अ‍ॅसिटाइलऑक्टाहायड्रोनॅफ्थॅलीन्स. लेकीनं मोबाइलवर शोधून सांगितलं, धंद्यातलं नाव आयसो ई सुपर, 1973 साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत तयार झालेला पदार्थ. याची गंमत अशी की, काहींना तो येतच नाही, काहींना येतो, मग गायब होतो, मग पुन्हा येतो. मीटिंगमधली माझी हजेरी अशीच असते. पण माझं लक्ष त्या नावाच्या शेपटाकडे होतं. नॅफ्थॅलीन! डांबरगोळीचं सख्खं नसलं तरी आडनावबंधू. मी बायकोला हाक मारून दाखवलं. तिनं बघितलंसुद्धा नाही. "मी म्हटलंच होतं," म्हणाली.

एकूण गवत, शेजाऱ्याच्या जिवावरचं झाड, पेन्सिल आणि असून नसल्यासारखा एक जण. बाटलीत दुसरा कुणी नव्हताच, मीच होतो. लेकीनं माप घेऊन कपडा आणावा तशी आणली होती. मी रोज एकच फवारा मारू लागलो.

गेल्या गुरुवारी आई सहाणेवर गंध उगाळत होती. खोड एका तीर्थाच्या गावाहून आणलेलं. पहिले आठ दिवस घमघमलं, मग नुसतं पांढरं लाकूड. कुठल्याशा लाकडाला वरून वास चोळून विकतात, हे तिला ठाऊक होतं, तरी दर वेळी घेते. मी जवळून गेलो तर तिनं माझं मनगट धरून हुंगलं.

"या मेल्या खोडापेक्षा बरं आहे," ती म्हणाली. "ती बाटली आण."

आणली. तिनं सहाण पुढे सरकवली. खोक्यावर लिहिलं होतं, पंधरा सेंटिमीटर अंतरावरून फवारावं. मी अंदाजानं अंतर धरलं आणि खोडावर दोन फवारे मारले.

तेव्हापासून आमच्या देवघरातला बाळकृष्ण साहसी, गूढ आणि निश्चयी दिसतो. त्याला ते शोभतंही.