दुष्काळाची बेगमी
शेलूबाजारात ऊन तापू लागलं की बोअरच्या गाडीची घरघर सुरू होते. दूरदृष्टीचा माणूस तीनशे फूट खाली जातो. शेजाऱ्याची विहीर आटते, मग शेजाऱ्यालाही दूरदृष्टी येते. 2009 च्या भूजल कायद्यात खोल विहिरींना 60 मीटरची मर्यादा आहे म्हणे. बोअरवाल्याची फुटपट्टी बहुधा मीटर मानत नाही. या दूरदृष्टीला स्वार्थ म्हणू नये बरं का! गच्चीवर टाकी, अंगणात हौद, शिवाय टँकर आला की रांगेत पहिला ड्रम त्याचाच. असा माणूस संकटात कुणावर भार होत नाही. त्याला म्हणावं, भाऊ, पावसाळ्याआधी बांधावर चर खणा, पाणी जिरवा. तो दचकतो, ‘अन् जिरलेलं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत गेलं तं?’