सगळं तोंडी!

मोरवा? ते कुठे आलं?

अंधेरीतल्या ऑफिसात मोरव्याची पोरगी मुलाखतीला बसली की गाडी इथूनच सुटते. भाईंदर पश्चिमेला उतरायचं, उत्तनच्या रस्त्याला लागायचं, राई-मुर्धा-मोरवा. साहेब मान डोलावतात. "मग इतक्या लांबून रोज वेळेवर पोचणार कशी?" प्रश्न वाजवी आहे. फक्त विरारहून येणाऱ्या पोराला तो विचारत नाहीत. पोरगा काय, लटकून येईल!

मग आडनाव. म्हात्रे निघो, पाटील निघो की भोईर, साहेबांच्या कपाळावर एकच आठी पडते: लोकल आहे. लोकल म्हणजे हळदीला सुट्टी, होळीला सुट्टी आणि काही बिनसलंच तर गेटवर अख्खं गाव. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी 80 टक्के स्थानिक घ्यावेत, असा शासन निर्णय आहे. सवलतीचा अर्ज भरताना हीच लोकल मंडळी साहेबांना अगदी घरची वाटतात.

पुढचे प्रश्न हसत हसत. "घरी कोण कोण असतं?" "वडील काय करतात?" "लग्नाचं काही ठरलंय का?" "नंतर मूलबाळ झाल्यावर नोकरी करणार ना?"

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात निदान पोहे तरी मिळतात.

हे खूळ आजचं नाही. मुंबईतल्या एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात नियमच होता: बाईनं लग्न केलं की नोकरी संपली. कंपनीचं म्हणणं, लग्न झालेल्या बायका दांड्या मारतात. बॉम्बे लेबर युनियन भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयात गेली. फरक असलाच तर बाळंतपणाच्या रजेपुरता, असं म्हणत न्यायालयानं 1965 मध्ये तो नियम मोडीत काढला. लग्न झालेले पुरुष किती दांड्या मारतात, हे मात्र कुणी मोजलं नाही. मोजणारे पुरुषच होते!

मग आपलं आयुर्विमा महामंडळ. नोकरीला लागणाऱ्या बाईकडून एक फॉर्म भरून घ्यायचे. त्यात रकाने काय? पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, गर्भपात झालाय का. नीरा माथुर नावाच्या कर्मचारी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि प्रोबेशनमध्येच त्यांना घरी बसवलं गेलं. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं आणि हे रकाने काढून टाका म्हणून सांगितलं. विमा एजंटसुद्धा इतक्या खोलात शिरत नाही हो!

शहाणपण आलं? 31 वर्षांनी, जानेवारी 2022 मध्ये, स्टेट बँकेचे नवे नियम बाहेर आले. तीन महिन्यांहून जास्त दिवस गेलेली उमेदवार 'तात्पुरती अपात्र', बाळंतपणानंतर चार महिन्यांत रुजू व्हा. आरडाओरडा झाला आणि त्याच महिन्यात बँकेनं ते मागे घेतले. देशातली सगळ्यात मोठी बँक. मुख्यालय? मुंबई. पुरोगामी महाराष्ट्राची राजधानी.

आता या तिघांची चूक सांगा. बाईवर अन्याय केला? छे.

लिहून ठेवलं!

नियम, फॉर्म, परिपत्रक. कागद सापडला म्हणून प्रकरण उभं राहिलं. हुशार मंडळींनी यातून एकच धडा घेतला: विचारायचं सगळं, लिहायचं काही नाही. चेन्नईजवळच्या फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्याची भानगड रॉयटर्सनं जून 2024 मध्ये बाहेर काढली. लग्न झालेल्या बायकांना जुळणीच्या कामावरून परत पाठवत होते. कारणं काय, तर घरच्या जबाबदाऱ्या, बाळंतपण आणि अंगावरची जोडवी-मंगळसूत्र. कंपनी म्हणाली, आम्ही भेदभाव करत नाही. खरंच आहे. कागदावर कुठे केला होता?

अजूनही लिहून फसणारे भोळे आहेत म्हणा. मे 2024 मध्ये गिरगावातल्या ग्राफिक डिझायनरच्या जागेसाठी जाहिरात आली, मराठी माणसांनी येऊ नये. जुलैत मरोळच्या एका दागिने कंपनीला पुरुष हवा होता, तोही 'नॉन महाराष्ट्रीयन'. गिरगावात मराठी नको! दोघांनीही माफी मागितली. भेदभावाची नव्हे, जाहिरातीची.

तेव्हा आपण पेटून उठलो, ते बरोबरच. पण सोसायटीला वॉचमन हवा असतो तेव्हा आपली कमिटी काय विचारते? गाव कुठलं, जात कुठली, आणि नाव ऐकलं की "जागा कालच भरली". वर स्वयंपाकाच्या बाईंना "तुमच्यात काय काय खातात?" आता "मराठी बोलता येतं का?" हा कामाचा प्रश्न झाला, दुकानात गिऱ्हाईक मराठी बोलणारं असेल तर विचारायलाच हवा. "मराठी आहेस का?" हा कामाचा नाही. मीरा रोडला 2025 च्या जुलैत मराठी बोलण्यावरून एवढं रण पेटलं, त्यात हा फरक कुणाच्या कानावर पडला?

नावावरून काय होतं, हे तर आकड्यांत आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना धाडले. 2007 मध्ये निष्कर्ष छापून आले: उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोनतृतीयांश, मुस्लिम नावाला एकतृतीयांश. म्हणजे मुलाखतीतला चुकीचा प्रश्न वाट्याला यायलासुद्धा आडनाव बरं लागतं. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या एचआरवाल्यांना गाठलं. सगळे म्हणाले, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. आणि 'फॅमिली बॅकग्राउंड'.

वडील काय करतात, हे गुणवत्तेत कधीपासून मोजायला लागले?

कायदा काय म्हणतो? अर्धवट बोलतो. भरती करताना बाई म्हणून डावलायचं नाही, हे 1976 च्या समान वेतन कायद्यात होतं. नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहितेत आहे. नोकरी देण्याआधी एचआयव्हीची चाचणी सक्तीची करायची नाही, हे 2017 च्या कायद्यात. तृतीयपंथीयांना नोकरीत डावलायचं नाही, हे 2019 च्या. पण खासगी मालकानं जात, धर्म, भाषा, गाव बघून उमेदवार परत पाठवला तर? संविधानाचं कलम 16 सरकारी नोकरीपुरतं. खासगीसाठी सगळ्यांना कवेत घेणारा कायदाच नाही. आणि जिथे आहे, तिथेही पुरावा कोण आणणार? साहेब तर सहज गप्पा मारत होते.

"सहजच विचारलं हो, आपलं घरचं वातावरण आहे." घरचं वातावरण! पगाराचा आकडा विचारला की हेच घर एकदम कॉर्पोरेट होतं.

तर पोरींनो, आणि पोरांनोही, मुलाखतीत असा प्रश्न आला तर चिडू नका, रडू नका. बाहेर पडल्यावर तारीख, वेळ, विचारणाऱ्याचं नाव आणि त्याचे नेमके शब्द स्वतःलाच मेल करून ठेवा. आणि धीर होत असेल तर तिथेच, त्यांच्याइतकंच गोड हसून म्हणा: "सर, हा प्रश्न मला मेलवर पाठवाल? उत्तरही लेखीच देते."

नोकरी मिळेल याची हमी नाही. मेल येणार नाही, याची आहे.