चार रेघांचे साहेब

पाच वर्षांचं शिक्षण, १९७२च्या कायद्याखाली नोंदणी, भिंतीवर फ्रेममधलं प्रमाणपत्र. एवढं असूनही गगनबावड्यात आर्किटेक्टची ओळख 'प्लॅन काढणारे साहेब' अशीच. प्लॅन म्हणजे कर्जाच्या फायलीला लावायचा कागद. घर कसं बांधायचं ते गवंड्याला ठाऊक असतंच.

"साहेब, चार रेघा मारून द्या की. तुमाला काय, धा मिंटांचं काम!"

चहासुद्धा साहेबच सांगतात. मग त्या चार रेघा दोन महिने चालतात. देवघर ईशान्येला सरकतं, मेव्हण्याच्या शब्दावर जिना फिरतो. शेवटी गवंडी तो कागद सिमेंटच्या पोत्यावर पसरतो आणि उडू नये म्हणून वर तंबाखूची डबी ठेवतो. कागदाकडे तेवढंच लक्ष. फी मागितली की साहेब एकदम 'आपला माणूस' होतात. आपल्या माणसाला ऊसबिल आलं की देतात. ऊसबिल येतं, जातं.

खरा वाद छपराचा. बऱ्या वर्षी इथं ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणून साहेब उतरतं कौलारू छप्पर आणि लांब वळचण सुचवतात. गिऱ्हाइकानं मात्र कोल्हापुरात राजारामपुरीतला बंगला बघितलेला असतो. "कौलं? पावणे काय म्हणतील?" स्लॅब पडतो. जुलैत तो गळतो. मग स्लॅबवर पत्र्याची शेड येते, आणि तिचे पैसे रोख मिळतात, कारण घरात बादल्या मांडलेल्या असतात. साहेबांचा संसार रेघांवर नव्हे, गळतीवर चालतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोल्हापूरचा नवा राजवाडा काढणारा मेजर चार्ल्स मँट १८८१ मध्ये वारला. आपलं गणित चुकलं, इमारती कोसळणार, या धास्तीनं त्याचं डोकं फिरलं होतं म्हणतात. राजवाडा १८८४ साली पुरा झाला, अजून ठणठणीत उभा आहे. ही गोष्ट साहेब रंगवून सांगतात आणि पुस्ती जोडतात, "त्याला निदान पगार तरी होता."

गगनगडाच्या बाजूला तुमची जागा असेल, फार्महाऊस मनात असेल, तर साहेबांना मार्चात नव्हे, जुलैत साइटवर न्या. आणि निम्मी फी तिथंच, छत्रीखाली मोजून द्या.