रुपयाएवढा नायटा

नेवासे तालुक्यातल्या आमच्या घोडेगावात शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो. म्हशीसाठी लांबलांबून गिऱ्हाईक येतं. या बाजाराच्या धुळीत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: विकणाऱ्यानं जनावराची खोड आपण होऊन सांगायची नसते. आदल्या दिवसापासून धार काढायची नाही, म्हणजे कास तटतटून दिसते. शिंगांना तेल, अंगाला तेल. एखादा सड मुका असला तर ती बाजू भिंतीकडं करून बांधायची. घेणाराही काही देवळात आलेला नसतो. तो चारी सड पिळून बघतो, जबडा उघडून दात मोजतो, म्हैस दहा पावलं चालवून बघतो आणि मग रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. यात कुणी कुणाला लबाड म्हणत नाही. ज्याला दिसलं नाही त्याला आंधळा म्हणतात, एवढंच.

आमचे थोरले बंधू अण्णा याच व्यवसायात आहेत, म्हणून हे सविस्तर सांगितलं. कारण आमच्या मधल्या भावाची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, खडकवासल्याच्या एनडीएत निवडली गेली आणि घरात दोन धर्मांची टक्कर झाली.

एनडीएचं दार मुलींना उघडलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानं. पहिली तुकडी २०२२ साली आत गेली आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी बाहेर पडल्या. ती बातमी वहिनींनी कापून फ्रीजवर चिकटवली होती. आमच्या मुलीनं यूपीएससीची लेखी परीक्षा काढली, एसएसबीचे पाच दिवस काढले, लष्करी इस्पितळातलं मेडिकल काढलं आणि मेरिट लिस्टमध्ये नाव आलं. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर तिचा सॅल्यूट ठोकतानाचा फोटो होता. डोक्यावर टोपी नसताना आपल्या फौजेत सॅल्यूट करत नाहीत, हे ती सगळ्यांना सांगत फिरली. फ्लेक्सवाल्यानं दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर टोपी चढवून दिली. टोपी पोलिसाची होती.

आणि मग, मेडिकल होऊन गेलेलं, जॉइनिंग तोंडावर आलेलं, अशा नेमक्या मधल्या फटीत तिच्या कमरेवर नायटा उठला. मे महिना, पहाटेचं धावणं, घामानं चिकटलेली लेगिंग; त्याला निमंत्रणाची गरज नव्हती. चांगला रुपयाएवढा, गोल, कडा लाल आणि किंचित उचललेल्या, त्यावर बारीक पुटकुळ्या, मधे मात्र कातडी जवळपास साफ.

ती जॉइनिंगचे कागद घेऊन ओट्यावर बसली आणि मोठ्यानं म्हणाली, “मेडिकलनंतर काही नवीन दुखणं झालं असेल तर कळवायला सांगितलंय. मी कळवणार.”

घरात शांतता पसरली. मग सगळे एकदम बोलले.

“नायटाच ना? टाकळ्याचा पाला चोळ,” आजी म्हणाली. तिच्या मते लष्करी प्रश्नाचा निकाल लागला होता. पण आत्याला प्रश्नाचं खरं रूप दिसलं. “अगं, पोरगी दाखवायच्या आधी अंगावरचा डाग कुणी सांगतं का? माझ्या पोटावर अपेंडिक्सचे टाके होते. सासूला दुसऱ्या बाळंतपणात कळलं. काय केलं तिनं? नातू बघत बसली!”

अण्णांनी व्यावसायिक सल्ला दिला. “घेणाऱ्याला दिसलं तर दिसलं. आपण का बोंब मारायची?”

“काका, मी म्हैस नाही.”

“म्हैस असतीस तर एव्हाना व्यवहार झाला असता,” अण्णा दुखावून म्हणाले. म्हशीचा असा उल्लेख त्यांना सहन होत नाही.

मला मात्र पोरीचं पटलं, आणि तत्त्वासाठी नव्हे. लष्कराइतकं चिकित्सक गिऱ्हाईक मी अजून आमच्या बाजारात पाहिलेलं नाही. कानातला मळ बघतात. उभं करून गुडघे एकमेकांना घासतात का बघतात. तळपाय सपाट आहे का, नाकाचं हाड वाकडं आहे का, तळहाताला घाम किती येतो, रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा दिसतो का. अनफिट ठरवलं तर ४२ दिवसांच्या आत अपील मेडिकल बोर्डापुढं जायची सोय, म्हणजे भांडणालाही मुदत ठरलेली. एवढं सगळं बघून झाल्यावर हे गिऱ्हाईक विकणाऱ्यालाच विचारतं, की बाबा, आमच्या नजरेतून काही सुटलं का? शिवाय भरतीच्या कागदांत छापलेलंच असतं: माहिती दडवली तर घेतलेला माल परत. तिकडं अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत निवडलेल्या पोरांनाही मेडिकलनंतर काही नवं निघालं तर ते कळवावंच लागतं. आणि नायट्याचं म्हणाल तर तो पसरणारा. एकीचा टॉवेल दुसरीनं उचलला की झालं. कंबरपट्टा, बूट, घाम, एकत्र राहणं. त्याला याहून चांगली छावणी कुठं मिळणार?

संध्याकाळी चुलतभाऊ औषधाच्या दुकानातून ट्यूब घेऊन आला. “दोन दिवसांत गायब,” तो म्हणाला. ही ट्यूब म्हणजे आपल्याकडच्या नायट्याची खरी आई. बुरशीच्या औषधात स्टेरॉइड कालवलेलं असतं. खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश होतो आणि आत बुरशी हातपाय पसरते. सरकारनं २०१८ साली अशी कितीतरी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती मिळायला नकोत. चुलतभावाला चिठ्ठी कुणी दिली, असं विचारल्यावर तो म्हणाला, “दुकानदार ओळखीचा आहे.”

ट्यूब जप्त करून मी आणि पुतणी पांढरीपूल, इमामपूर घाट करत नगरला कातडीच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं, जरा खरवडून काचेवर घेतलं, गोळ्या आणि साधं मलम लिहिलं, बरं दिसायला लागलं तरी औषध सोडू नको म्हणाले. मग तिनं कशासाठी कागद हवाय ते सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि फी घेतली नाही. नायट्याची फी न घेणारा कातडीचा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला.

आता कळवायचं. पुतणीचे वडील शाळेत गुरुजी. त्यांनी फुलस्केप कागद काढून “महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की” इथपासून सुरुवात केली. नायटा दुसऱ्या पानावर उगवला. तो आनुवंशिक नाही, घराण्यात कुणाला नव्हता, आणि आजोबांना होता तो नायटा नसून गजकर्ण होतं, असा खुलासा त्यांनी स्वतःहून जोडला. ग्रामपंचायतीचा दाखलाही जोडावा अशी त्यांची सूचना होती. “सदर नायटा किरकोळ स्वरूपाचा असल्याची खात्री केली आहे,” असं सरपंच लिहून देतील, असं त्यांना खरोखर वाटत होतं. पोरीनं तोवर मोबाइलवरून चार ओळींचा ईमेल पाठवून दिला होता.

उत्तर आलं: उपचारांचे कागद सोबत आणावेत आणि हजर होताना वैद्यकीय तपासणीच्या वेळी दाखवावेत. बस्स. घराचा फारच विरस झाला. एखादा कर्नल फोन करील, विचारपूस होईल, अशी सगळ्यांची तयारी होती. वहिनींनी हॉल आवरून ठेवला होता. “एवढं मोठं सैन्य, आणि एवढंच लिहिलं?” आजी म्हणाली.

गावानं मात्र कसर भरून काढली. इथून पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर. तिथं परंपरेनं घरांना दारं नसतात. आमच्याकडं आहेत, पण बातमीला त्यांची अडचण होत नाही. पहिल्या दिवशी पोरीला नायटा झाला होता. दुसऱ्या दिवशी कातडीचा रोग झाला. शुक्रवारी बाजारात अण्णांना एकानं विचारलं, की मिलिटरीनं परत पाठवली म्हणे? अण्णा, ज्यांनी उभ्या आयुष्यात आपल्या जनावराची खोड कबूल केलेली नाही, भर बाजारात ओरडले, “रुपयाएवढा नायटा होता! आम्ही आपणहून कळवलाय!” शेजारच्या दावणीच्या दलालानं त्यांच्याकडं काळजीनं पाहिलं.

खडकवासल्याला तपासणीच्या वेळी तिनं फाइल पुढं केली. एव्हाना कमरेवर फिकट तपकिरी डाग उरला होता, तोही दाखवला तरच दिसणारा. डॉक्टरांनी कागद वाचले, डाग पाहिला, काहीतरी लिहिलं आणि “नेक्स्ट” म्हणाले. हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा आत्याला जरा राग आला. एवढा जीव टांगणीला लावून नुसतं नेक्स्ट?

पहिली टर्म चालू आहे. मधे फोन आला तेव्हा म्हणाली, नायटा पार गेला, पण नव्या बुटांनी टाचांना फोड आलेत. वाचकांपैकी कुणाला फोडांवरचा खात्रीचा उपाय माहीत असेल तर तो कृपया आमच्या आजीला सांगू नये. टाकळ्याचं एक पार्सल आधीच पोस्टात पडलं आहे.