नाक येत नसेल तर रिबीन शिका

साहित्य: पेन्सिल, खोडरबर, पोस्टर कलरची लाल बाटली, पाण्याचा डबा आणि दोन वेण्यांची एक मुलगी. पहिल्या चार गोष्टी धाराशिवच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. पाचवी घरात नसेल तर शेजारी असतेच. ती स्थिर बसत नाही, एवढं आधीच ध्यानात घ्या.

आता हे शिकायचं कशासाठी? शासकीय रेखाकला परीक्षेत, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला, स्मरणचित्राचा पेपर असतो. विषय येतात आठवडी बाजार, पोळा, शाळा सुटली असे. माणसं काढणं आलं, माणसाला चेहरा आला आणि चेहऱ्याला नाक. समोरून नाक काढता येणारा मुलगा वर्गात एखादाच. बाकी सगळे, उमरग्यापासून परंड्यापर्यंत, एकाच वाटेने जातात: माणूस पाठमोरा करतात. पाठमोऱ्या मुलीला दोन वेण्या, वेण्यांना लाल रिबिनी, की चित्र पुरं. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण वाढतात, बी मिळाली तर 5, सी मिळाली तर 3. यांतला एखादा तरी गुण रिबिनीचा असतो, असं माझं मत आहे. तुळजापूरची दर्शनरांग हा विषय आला तर आई भवानीच पावली म्हणायची. रांगेत झाडून सगळे पाठमोरे.

केसांवर कष्ट घ्यायची आपल्या जिल्ह्याची परंपराही जुनी आहे. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याच घडणीची दुसरी 1938 साली थेट इटलीत, पॉम्पेईच्या उत्खननात निघाली. त्या पॉम्पेईच्या बाईच्या अंगावर कापड नावाला, पण केशरचना आणि दागिने भरगच्च. फरक एवढाच की त्या कारागिराला नाकही येत होतं.

असो. कृतीला लागू. नवशिके आधी दोन पाकळ्या काढतात आणि मधे जागा उरली तर गाठ बसवतात. म्हणून रिबिनीऐवजी फुलपाखरू तयार होतं आणि परीक्षक मुलीच्या डोक्यावर ते का बसलं असावं याचा विचार करत राहतात. गाठ आधी काढा. गाठ गोल नसते. चारी बाजूंनी आवळलेला, जरा वाकडा चौकोन असतो. पाकळ्या तिथूनच निघतात, निघताना चिमटलेल्या आणि पुढे फुगलेल्या. रिबिनीची रुंदी सगळीकडे सारखी असते, दुकानदार मधेच जास्त देत नाही. ती कमी दिसते ती फक्त वळणावर आणि गाठीपाशी. चुण्या गाठीतून सुटतात आणि काठापर्यंत पोचायच्या आत विरतात. काठापर्यंत नेल्यात तर रिबीन इस्त्री करून घडी घातल्यासारखी दिसेल.

दोन्ही पाकळ्या सारख्या याव्यात म्हणून कागद दुमडून छाप घेणारे हुशार विद्यार्थी असतात. संकल्पचित्राच्या पेपरात हे खपतं, किंबहुना शोभतं. स्मरणचित्रात मात्र अशी रिबीन खोटी वाटते. सकाळी माय दोन वेण्या घालते, अर्ध्या वेणीपासून रिबीन गुंफत आणते, वेणी दुमडून कानामागे वर बांधते आणि "हालू नको गं, परत सोडू का?" असं दरडावत फूल काढते. ते फूल प्रार्थनेपुरतं सारखं असतं. मधल्या सुट्टीत पळापळ झाली की एक पाकळी लहान होते, एक टोक लांबतं आणि शेवटच्या तासाला डावी वेणी उजवीपेक्षा बोटभर खाली येते. चित्राचा विषय "शाळा सुटली" असेल तर शेवटच्या तासाची रिबीन काढा. प्रार्थनेची काढली तर ती मुलगी दिवसभर शाळेत नव्हती असं सिद्ध होतं.

रंग देण्यापूर्वी चित्र वेण्या घालणाऱ्या एखाद्या बाईला दाखवावं. "ही तर निरगाठ झाली, सोडवायची कशी?" असं ती म्हणाली तर निमूट खोडा. तिचा शब्द ड्रॉइंगच्या सरांच्याही वरचा.

लाल रंग घट्ट हवा. पाणी जास्त झालं की डाग पडतात आणि लाली थेट गालापर्यंत ओघळते (गाल काढला असेल तर). पाकळीच्या आतली बाजू गडद, कारण तिथे उजेड पोचत नाही. गडद करायला काळा मिसळू नका, लाल मळतो. तपकिरीचा किंचित हात पुरतो. चकाकी दाखवायला पांढरा मिसळाल तर रिबीन गुलाबी होईल आणि मुलगी शाळेऐवजी लग्नाला निघाल्यासारखी दिसेल. तिथे थोडा नारिंगी द्या, नाहीतर कागद कोराच सोडा. टोकांवर एक बारीक काळपट रेघ हवीच. रिबिनीचे धागे सुटू नयेत म्हणून घरोघरी टोकं काडीने जाळून घेतात. ही रेघ ज्याच्या चित्रात असेल त्याने रिबीन खरोखर पाहिली आहे, हे माझ्यासारखा माणूस लगेच ओळखतो.

पोळ्याच्या चित्रात हीच विद्या बैलाच्या शिंगांना लागू पडते. शिंगांना रंग, टोकाला शेंब्या, गोंडे, बेगड आणि वर रिबीन. बैलाचं तोंड जमत नसेल तर सजावट वाढवत न्या. पण बैलाला वेणी नसते. गाठ थेट शिंगावर येते, म्हणून पाकळ्या आडव्या न राहता उताराने खाली ओघळतात.

आठवडी बाजाराच्या चित्रात मात्र सावध राहा. गिऱ्हाइकं खुशाल पाठमोरी काढा, हव्या तितक्या रिबिनी बांधा. भाजीवाली तेवढी समोरून काढावी लागेल. लोकांकडे पाठ करून बसणारीचं वांगं कुणी घेत नाही.